टर्न ३ आणि ब्रेक सोडणारा पाय

ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ट्रॅक डेला (स्वतःची गाडी सर्किटवर चालवायच्या दिवसाला) पहिल्यांदा आलेला माणूस डोळे लावून बसतो तो टर्न ३ आणि टर्न ४ मधल्या लांब स्ट्रेटवर. एक किलोमीटरहून मोठी सरळ पट्टी आहे, तीनशे अश्वशक्तीची गाडी तिथे सहज दोनशेच्या पुढे जाते. पण त्या पट्टीवर उजवा पाय दाबून धरणं आणि वेळेवर गिअर टाकणं एवढंच काम असतं, आणि ते पहिल्या दिवशीही जमतं. खरं काम त्याच्या आधी, टर्न ३ मध्ये आहे.

हे सर्किट २०११ मध्ये फॉर्म्युला वनसाठी खुलं झालं. आखणी हर्मान टिल्केची, लांबी ५.१२५ किलोमीटर, वळणं १६, दिशा घड्याळाच्या काट्याप्रमाणे. टर्न ३ कडे जाताना ट्रॅक तब्बल १४ मीटर चढतो आणि चढावरच एक हळू, उजवं वळण येतं. समजा एक ड्रायव्हर त्या वळणातून ताशी ७५ किलोमीटरने बाहेर पडला आणि दुसरा, तशाच गाडीत, ८० ने. पुढच्या पट्टीवर दोघांचे पाय पूर्ण दाबलेले. तरीही पट्टीच्या शेवटी दुसरा साधारण दीड ते दोन दशांश सेकंद पुढे असतो, कारण पहिल्याच्या गाडीला ते ५ किलोमीटर आधी भरून काढावे लागतात. स्ट्रेटवर तो कितीही शूर झाला तरी ही तूट भरत नाही.

ते ५ किलोमीटर येतात कुठून? माझं स्पष्ट मत आहे की ते ब्रेक सोडण्याच्या पद्धतीतून येतात. ट्रॅकवर वेगात चालवायला शिकणाऱ्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो यालाच. ब्रेक जोरात मारणं एका दिवसात येतं, ब्रेक नीट सोडणं यायला पुष्कळ जास्त वेळ लागतो.

आधी लाइनचा, म्हणजे वळणातून गाडी कुठून न्यायची त्या वाटेचा, हिशोब बघू. चांगल्या रोड टायरची पकड साधारण १ जी (गाडीच्या वजनाएवढी) धरली, तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणात गाडी ताशी ८० ने जाऊ शकते. तेच वळण ट्रॅकची सगळी रुंदी वापरून ६० मीटर त्रिज्येचं केलं की वेग ८७ होतो. टायर तेच, इंजिन तेच. म्हणून उजव्या वळणाला डाव्या काठाच्या अगदी कडेने यायचं, आतला काठ म्हणजे एपेक्स गाठायचा आणि बाहेर पडताना पुन्हा डाव्या काठापर्यंत गाडी मोकळी सोडायची. घाटात चालवून तयार झालेल्या हाताला हे जड जातं, कारण ताम्हिणीत किंवा आंबोलीत आपली बाजू सोडायची नाही हे अंगात मुरलेलं असतं, आणि तिथे ते बरोबरच आहे. ट्रॅकवर दोन-दोन मीटर डांबर न वापरता सोडलं, तर तेवढी त्रिज्या फुकट गेली.

नवशिक्याने एपेक्स उशिरा घ्यावा. म्हणजे वळायला थोडा उशीर करायचा आणि आतला काठ भूमितीच्या मधल्या बिंदूच्या थोडं पुढे शिवायचा. याने आत जाताना वेग किंचित कमी राहतो, पण बाहेर पडताना स्टिअरिंग लवकर सरळ होतं, ॲक्सिलरेटर लवकर दाबता येतो आणि चूक झालीच तर बाहेरच्या बाजूला जागा शिल्लक असते. उलट, एपेक्स लवकर घेतला की आत शिरताना फार छान वाटतं आणि बिल बाहेर पडताना येतं. ओळखायची खूण सोपी आहे: बाहेरचा पट्टेरी कर्ब जवळ येतोय आणि तुम्ही अजून स्टिअरिंग वाढवताय किंवा पाय उचलताय, तर एपेक्स लवकर झाला होता.

आता ब्रेक. एक मध्य-इंजिन गाडी घ्या, पोर्शे ७१८ केमन. वजन सुमारे १,३५० किलो, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर २.४७५ मीटर. उभ्या गाडीत पुढच्या चाकांवर साधारण सहाशे किलो असतात. १ जी ने ब्रेक मारला की मागचे अडीचशे किलो पुढे सरकतात. म्हणजे पुढच्या टायरवर साडेआठशेच्या आसपास भार, आणि मागचे टायर पाचशेपर्यंत हलके. पुढच्या टायरची पकड वाढते, गाडी नाकाने जमीन धरते. हा भार हेच तुमचं वळायचं भांडवल आहे. वळण सुरू करायच्या नेमक्या क्षणी ब्रेकवरून पाय झटकन उचलला, तर ते अडीचशे किलो परत मागे जातात, नाक वर येतं आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी सरळच जाऊ पाहते. नवख्यांचं बहुतेक अंडरस्टिअर असं स्वतःच्या पायाने तयार केलेलं असतं. दोष मात्र टायरला दिला जातो.

करायचं असं. ब्रेकिंगच्या बोर्डाशी (वळण किती मीटरवर आहे ते सांगणाऱ्या पाटीशी) पाय पेडलवर आणा, लाथ मारू नका, पण साधारण तीन-चार दशांश सेकंदात पूर्ण दाबापर्यंत पोचा. पहिला दाबच सगळ्यात मोठा असला पाहिजे. रस्त्यावर आपण उलटं करतो, हळू सुरुवात आणि शेवटी दाब वाढवतो. ट्रॅकवर तसं केलं की वळणाच्या तोंडाशी सगळा ब्रेक शिल्लक राहतो. एबीएसची थरथर पायाला जाणवली तर घाबरायचं कारण नाही, फक्त ती सतत येत असेल तर दाब थोडा जास्त आहे एवढं समजा. वेग कमी होईल तसा दाब कमी करत यायचं, वळायला सुरुवात करताना पेडलवर थोडासा दाब शिल्लक ठेवायचा आणि स्टिअरिंग जेवढं वाढेल तेवढा तो उतरवत न्यायचा. एपेक्सच्या जरा आधी पेडल पूर्ण मोकळं. पहिल्या काही सेशनला हे करू नका. आधी सगळं ब्रेकिंग सरळ रेषेत संपवा, हात-पाय स्थिर झाले की मग हा शेवटचा दाब वळणात न्या.

टर्न ३ सुधारला की टर्न ४ बिघडतो, हे फार थोडे लोक आधी सांगतात. १ जी ने ब्रेक धरून ताशी २०० वरून ८० वर यायला सुमारे १३२ मीटर लागतात. २१० वरून यायला १४८. स्ट्रेटच्या शेवटी वेग १० ने वाढला की ब्रेकचा बिंदू १६ मीटर मागे आणावा लागतो. दुपारी टर्न ३ चांगला जमायला लागलेला ड्रायव्हर सकाळच्याच खुणेवर ब्रेक मारतो आणि टर्न ४ ला थेट बाहेर जातो. म्हणून स्ट्रेटच्या शेवटी स्पीडोमीटरकडे एक नजर टाकायची सवय लावा. ब्रेकचा बिंदू वेगाला बांधलेला असतो, बोर्डाला नाही.

मॅन्युअल गाडीत गिअर पाडण्याचा क्रमही इथेच येतो. आधी ब्रेक, वेग उतरला की मग गिअर. घाईत चौथ्यावरून तिसऱ्याऐवजी दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाकं इंजिनला रेडलाइनच्या, म्हणजे फेऱ्यांच्या सुरक्षित मर्यादेच्या, पलीकडे फिरवतात. फेरे रोखणारा रेव्ह लिमिटर इथे काही करू शकत नाही, तो फक्त इंधन तोडतो. व्हॉल्व्ह वाकण्यापर्यंत प्रकरण जातं आणि खर्च लाखांत. टाच-पंजा वापरून, म्हणजे ब्रेक दाबलेला असतानाच पायाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी देऊन इंजिनचे फेरे जुळवणं, हे आधी रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात घटवा. नाही जमत तोवर ट्रॅकवर गिअर कमी बदला, तिसऱ्यातच वळण घ्या. ड्युअल क्लच गाडीत हे सगळं गिअरबॉक्स करतो, आणि शिकणाऱ्याच्या डोक्यावरचा एक भार कमी होतो म्हणून मला तो शिकायला चांगला वाटतो.

डोळ्यांबद्दल. ताशी १८० ला गाडी सेकंदाला ५० मीटर जाते. बॉनेटपुढचं डांबर बघणारा ड्रायव्हर अर्ध्या सेकंदापूर्वीची बातमी वाचत असतो. ब्रेक लागला की नजर वळायच्या बिंदूवर, वळायला लागलात की एपेक्सवर, एपेक्स येण्याआधी बाहेर पडायच्या जागेवर. मान फिरवावी लागते, काही वळणांत बाजूच्या काचेतून बघावं लागतं. टर्न ३ सारख्या चढावरच्या वळणात बाहेर पडायची जागा आधीपासून पूर्ण दिसत नाही, म्हणून आदल्या दिवशी किंवा पहिल्या हळू लॅपमध्ये पलीकडची एखादी स्थिर खूण ठरवून ठेवा: मार्शलची चौकी, कुंपणाचा खांब, बोर्ड. सावली किंवा उभी केलेली गाडी ही खूण नव्हे, ती हलते.

गाडी सरकायला लागली तर काय करायचं, हे गाडी कुठली त्यावर अवलंबून आहे. पुढची चाकं सरकत असतील तर स्टिअरिंग आणखी कापल्याने फायदा नाही, उलट टायर अजून घासतो. हात किंचित मोकळे करा, ॲक्सिलरेटर थोडा कमी करा, भार पुढे येऊ द्या, पकड परत येते. मागची चाकं सुटली तर नजर जिकडे जायचंय तिकडे, हात नजरेमागे, आणि उजवा पाय झटकन उचलायचा नाही. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या अॅक्सलच्याही मागे असतं. वळणाच्या मध्यावर घाबरून पाय उचलला की भार पुढे जातो, मागचे टायर हलके होतात आणि मागचं ते वजन गाडीला गरकन फिरवतं. केमनसारख्या मध्य-इंजिन गाडीत सुटायला वेळ लागतो, पण सुटली की जलद फिरते. गाडी हातातून गेलीच, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबा आणि थांबेपर्यंत दाबून ठेवा. अर्धवट फिरलेल्या गाडीचा ब्रेक मध्येच सोडला की टायर पुन्हा पकड घेतात आणि गाडी कुठल्या दिशेला उडी घेईल ते सांगता येत नाही.

सगळ्यात महागडी चूक मात्र याहून साधी आहे. बाहेर पडताना दोन चाकं डांबराबाहेर जातात आणि ड्रायव्हर ती परत आणायला स्टिअरिंग ओढतो. मातीवर काही होत नाही, म्हणून तो आणखी ओढतो. मग वळलेलं पुढचं चाक डांबराला लागतं, पूर्ण पकड एकदम मिळते आणि गाडी ट्रॅक ओलांडून समोरच्या भिंतीकडे सुटते. दोन चाकं गेली तर जाऊ द्या. स्टिअरिंग सरळ, पाय हलका, वेग उतरू द्या, मग आरसा बघून सावकाश आत या.

शिकण्याचा क्रम कसा ठेवावा? पहिला सेशन ब्रेक जवळजवळ न वापरता, एकाच गिअरमध्ये, तिसऱ्यात किंवा चौथ्यात. ब्रेक नाही म्हटल्यावर वेग आपोआप बेताचा राहतो आणि लाइन दिसायला लागते. दुसऱ्यात २०० मीटरच्या बोर्डाशी ब्रेक, मुद्दाम लवकर. पुढे प्रत्येक वेळी पाच-पाच मीटरने बिंदू पुढे न्या, आणि एका सेशनमध्ये एकाच वळणावर काम करा. बुद्ध सर्किटवर ते वळण टर्न ३ असावं. टर्न १० आणि ११ चा लांबच लांब उजवा वेढा सगळ्यांना खुणावतो, पण तिथे पहिला एपेक्स मोकळा सोडून दुसऱ्याची वाट बघण्याचा धीर लागतो, ते नंतर. सेशन पंधरा ते वीस मिनिटांचा पुरे. त्यापुढे माणसाचं लक्ष आणि रोड गाडीचे ब्रेक, दोन्ही उतरायला लागतात.

स्टॅबिलिटी कंट्रोल चालू ठेवा. डॅशबोर्डवरचा त्याचा दिवा जिथे लुकलुकतो, तिथे तुमचा हात किंवा पाय रांगडा आहे. एखाद्या वळणात दिवा लागायचा बंद झाला आणि वेग तेवढाच राहिला, तर ती खरी प्रगती. पहिल्या दिवशी लॅप टाइम मोजूच नका. पुढे मोजायचाच असेल तर सेकंदाला किमान दहा वेळा नोंद घेणारा जीपीएस वापरा. फोनचा जीपीएस बहुधा सेकंदाला एकच नोंद घेतो, आणि ताशी २०० ला दोन नोंदींमध्ये ५५ मीटर निघून जातात. ब्रेक कुठे सुरू झाला आणि कुठे सुटला हे त्यातून कळत नाही.

आता गाडी. ट्रॅकवर रोड गाडीचं पहिलं काय जातं तर ब्रेक ऑइल. डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) ऑइल नवीन असताना किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषून घेतं आणि मग हा आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेल्या गाडीचं ऑइल तसंच भरून ट्रॅकवर जाणं म्हणजे संकटाला आमंत्रण. डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०, रेसिंगची डॉट ४ ऑइल्स ३०० च्या पुढे जातात. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र साध्या गाडीत कधीही घालायचं नाही, नावावर जाऊ नका. जायच्या आधी आठवडाभरात ऑइल पूर्ण बदलून चारही कॅलिपरमधून हवा काढून घ्या. पेडल काय सांगतं तेही ओळखायला शिका: पेडल मऊ पडून खाली जायला लागलं तर ऑइल उकळलं आहे, पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही तर पॅड तापले आहेत. पहिल्यात लगेच हळू होऊन पिटमध्ये (ट्रॅकलगतच्या थांब्यात) या. दुसऱ्यात दोन लॅप हळू चालवल्यावर पॅड सावरतात. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत, कारण पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती थेट ऑइलपर्यंत पोचते.

टायरची हवा. सेशनमध्ये दाब ४ ते ८ पीएसआयने वाढतो. दाराच्या स्टिकरवरचे ३३ भरून निघालात तर परत येईपर्यंत ४० होतात आणि गाडी तेलावरून चालल्यासारखी होते. कंपनीच्या पुस्तकात ट्रॅकसाठी वेगळे आकडे असतील तर तेच घ्या. नसतील तर हॅचबॅक किंवा हलक्या स्पोर्ट्स कारसाठी गरम दाब ३३ ते ३५ च्या आसपास राहील असा थंड दाब शोधा, बहुधा २८ च्या जवळ निघतो. पिटमध्ये आल्याबरोबर गेज लावा, पाच मिनिटांनी मोजलेला आकडा उपयोगाचा नाही. टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो, तिथे खडूची रेघ ओढून जा. रेघ त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसली गेली तर हवा कमी, त्रिकोणापर्यंत पोचलीच नाही तर जास्त. बुद्ध सर्किट उजवीकडे फिरणारं, म्हणून पुढचा डावा टायर सगळ्यात जास्त झिजतो. त्याच्यावरच लक्ष ठेवा.

इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत. पेट्रोल निम्म्याच्या खाली नको, लांब वळणात टाकीतलं पेट्रोल एका कडेला जातं आणि इंजिन भुकेलं पडतं. चटया, पाण्याच्या बाटल्या, स्टेपनीचं सामान सगळं बाहेर. टो हुक लावलेला. चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचने पुस्तकातल्या आकड्याला, आणि पहिल्या सेशननंतर चाकं गार झाल्यावर पुन्हा.

सीट नेहमीपेक्षा पुढे आणि सरळ. खांदे पाठीला टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे आणि ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात नऊ आणि तीनवर, डावा पाय डेड पेडलवर (पाय टेकवायच्या स्थिर पट्टीवर) घट्ट, नाहीतर शरीर स्टिअरिंगला लटकतं. हेल्मेट स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए वर्गाचं, कारण त्यात आगीची चाचणी असते, मोटरसायकलच्या हेल्मेटमध्ये नसते. सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, पातळ तळाचे बूट. झेंड्यांची माहिती ब्रीफिंगमध्ये मिळते, ती ऐकाच. ओव्हरटेक फक्त ठरलेल्या स्ट्रेटवर आणि पुढच्याने हाताने बाजू दाखवल्यावरच.

विम्याचं आधी वाचा. आपल्याकडच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांमध्ये शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर ठोकलेली गाडी स्वतःच्या खिशातून दुरुस्त होईल असं गृहीत धरूनच उतरा.

पुण्या-मुंबईहून ग्रेटर नोएडा लांब पडतं. श्रीपेरुंबुदुरजवळचा मद्रासचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटर आणि १२ वळणांचा, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा. ब्रेक सोडण्याचा सराव कारीवर उलट जास्त होतो, कारण वळणं लगोलग येतात. त्याही आधी कोल्हापुरात कार्टिंगचा चांगला ट्रॅक आहे. कार्टला सस्पेन्शन नसतं, त्यामुळे हाताने-पायाने केलेली प्रत्येक घाई लगेच पाठीला कळते आणि एका गाडीच्या टायरच्या पैशांत पुष्कळ फेऱ्या होतात. लाइन आणि नजर तिथे पक्की करून मग मोठ्या गाडीत बसावं.

सेशनची शेवटची लॅप ब्रेकला हात न लावता, वरच्या गिअरमध्ये, सावकाश. पॅडॉकमध्ये (गाड्या उभ्या करायच्या जागेत) हँडब्रेक ओढू नका. तापलेले पॅड डिस्कला एकाच जागी चिकटून राहिले की डिस्कवर पॅडचा थर बसतो आणि परतीच्या रस्त्यावर ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. गाडी गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा, चाकाला लाकडी ठोकळा लावा, बॉनेट उघडून पंधरा मिनिटं गार होऊ द्या. घरी निघण्याआधी टायर थंड झाल्यावर हवा पुन्हा दाराच्या स्टिकरवरच्या आकड्याला आणा, बोल्ट तपासा, चाकाच्या आतल्या बाजूला ब्रेक ऑइल ओघळलंय का ते टॉर्चने बघा आणि पॅड किती उरले ते मोजून लिहून ठेवा. पुढच्या वेळी नवे पॅड आधी मागवायचे की नंतर, ते त्या आकड्यावरून ठरेल.